‘चा’ म्हणजे कोण

ग्रॅमने दात घासायच्या ब्रशचा दांडा करवतीने कापला, त्या क्षणी चालूच्या डोक्यात दगड आला.

आता ही नावं आधी सांगून टाकतो, नाहीतर गोष्ट लंगडेल. दोघांचं मिळून वजनकाटे दुरुस्तीचं दुकान होतं, सव्वीस वर्षांचं. समोरच्या लाकडी फळीवर गिऱ्हाइकांचे काटे, मागे तेलाचा वास, मधे दोन स्टुलं. एका स्टुलावर ग्रॅम बसायचा. हातावर काहीही ठेवा, कांदा ठेवा, चावी ठेवा, तो डोळे मिटून वजन सांगायचा आणि काट्याला मान डोलवावी लागायची. दुसऱ्या स्टुलावर चालू. चालू म्हणजे चालणारा नव्हे बरं का. त्याला तर कोपऱ्यावरून काडेपेटी आणायलाही स्कूटर लागायची. चालू म्हणजे ज्याला आपण ‘फार चालू आहे हां तो’ म्हणतो, तसला. समोरच्याच्या डोळ्यांत धूळ टाकून वर त्यालाच फुंकर मारायला लावणारा.

दुकानात एक रिवाज होता. दुरुस्त करून दिलेला काटा पुन्हा बिघडून परत आला की त्याच्या पोटावर खडूने एक अक्षर लिहायचं. ज्याचा घोळ, त्याचं अक्षर. भांडण नाही, चौकशी नाही. सव्वीस वर्षांत ‘चा’ इतक्यांदा लिहिला गेला की त्याचा हिशोब नाही, आणि ‘ग्रॅ’ फक्त तीनदा. त्यातले दोन चालूनेच खोटे लिहून ठेवले होते.

खोड्या काढणं हा चालूचा खरा धंदा, काटे हा जोडधंदा. ग्रॅमच्या काट्याखाली लोहचुंबक चिकटव, त्याच्या चष्म्याला साबण फास, गिऱ्हाईक होऊन त्यालाच फोन कर. पण ग्रॅम कधी चिडायचा नाही. चुंबक काढायचा, खणात ठेवायचा, पुढच्या कामाला लागायचा. एक शिवी दिली असती तर चालू त्याच दिवशी थांबला असता. सव्वीस वर्षं तो त्या एका शिवीची वाट बघत होता, आणि ग्रॅम ती न देण्याची मजा घेत होता. असा तो सामना होता, दोघांनाच ठाऊक असलेला.

तर ग्रॅमकडे वर्तमानपत्राचं एक कात्रण होतं. परदेशातली पायवाट. साडेतीनशे किलोमीटर, शेतांमधून, डोंगरांवरून, अठरा दिवसांची. जगभरातून लोक येतात, पाठीवर पिशवी टाकतात आणि चालतात. ना बक्षीस, ना पदक. ग्रॅमने तीन वर्षं ते कात्रण पाकिटात जपलं आणि एक दिवस फळीवर ठेवून म्हणाला, “येतोस का?”

“पायी?” चालू म्हणाला. “तिकडे विमानाने जायचं, आणि मग पायी? म्हणजे पैसे देऊन गरीब व्हायचं.”

“येतोस का ते सांग.”

चालू हो म्हणाला. का म्हणाला ते त्यालाही नीट सांगता आलं नसतं. ग्रॅम अठरा दिवस एकटा कुठेतरी जाणार आणि आपण दुकानात बसून कुणाच्या खोड्या काढणार, हा मुद्दा होता बहुतेक.

ग्रॅमच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, कुणी विचारलं नाही. त्यांना सांगण्यात आलं. त्या ताट पुसत म्हणाल्या, “मला नाही का नेणार?”

“तुला चालवणार नाही,” ग्रॅम म्हणाला.

झालं. एवढाच संवाद. वहिनींना त्याची सवय होती. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती आणि नवऱ्याच्या तोंडून त्यांनी स्वतःचं नाव एकदाही ऐकलं नव्हतं. ‘अगं’ होतं, ‘ऐक’ होतं, नाराज असला की नुसतं ‘हं’. नाव चांगलं होतं हो. ‘चा’वरून सुरू होणारं, तोंडात घोळवावं असं. पण ते शाळेच्या दाखल्यावर आणि गॅसच्या पुस्तकावरच राहिलं.

मग तयारी. ग्रॅमने ठरवलं की पिशवी बरोबर सहा किलोची. सहा म्हणजे सहा. सदरा तोलला, मोजे तोलले, साबणाची वडी अर्धी कापली. आणि ब्रशचा दांडा. “नऊ ग्रॅम वाचले,” असं तो इतक्या समाधानाने म्हणाला, की चालूच्या जागी संत असता तरी त्याला दगडच सुचला असता.

पहिल्या दिवशी ते बावीस किलोमीटर चालले. वाटेवर खांबाखांबांवर निळे पट्टे, त्यांच्या मागे मागे जायचं. मुक्कामाला एका खोलीत वीस खाटा, एकावर एक, आणि वीस देशांचे पाय. संध्याकाळी ग्रॅम आंघोळीला गेला, तेव्हा चालूने अंगणातला लिंबाएवढा दगड उचलला आणि पिशवीच्या तळाशी, मोज्यांच्या गुंडाळीत ढकलला. सकाळी ग्रॅमने पिशवी उचलली. खांद्यावर घेतली. पळभर थांबला.

“चल,” ग्रॅम म्हणाला.

त्याला कळलं नाही? ज्याला हातावरच्या चावीचं वजन कळतं, त्याला पाठीवरचा दगड कळला नाही? चालू दिवसभर विचार करत राहिला. दुसऱ्या संध्याकाळी जरा मोठा दगड टाकला. तिसऱ्या संध्याकाळी त्याहून मोठा. रोज एक. ग्रॅम रोज पळभर थांबायचा, रोज “चल” म्हणायचा. सहाव्या दिवसापासून तो चढावर मागे पडायला लागला. चालू वर जाऊन उभा राहायचा आणि म्हणायचा, “काय रे, म्हातारा झालास का?” ग्रॅम हसायचा. हसायला त्याला श्वास कमी पडायचा.

अकराव्या दिवशी, एका वळणावर, रस्त्याकडेच्या बुटक्या भिंतीवर ग्रॅम बसला. म्हणाला, “पाणी दे.” चालूने बाटली काढून झाकण उघडेपर्यंत तो बाजूला कलंडला होता. मागून येणारी दोन माणसं धावली. त्यातली एक बाई नर्स असावी. तिने खूप वेळ त्याची छाती दाबली, मग हात मागे घेतले आणि चालूला तिच्या भाषेत काहीतरी सांगितलं. ते समजायला भाषा लागली नाही.

डॉक्टरांच्या कागदावर लिहिलं होतं की हृदयाच्या नळ्या बंद झाल्या होत्या, आज ना उद्या होणारच होतं. दगडांचा कागदात उल्लेख नव्हता. पिशवी सरकारी लोकांनी सील केली आणि ती चालूच्या हाताला न लागता परस्पर ग्रॅमच्या घरी पोचली. चालूला वाटलं, वहिनी ती उघडतील, दगड बघतील, आणि मला बोलावून विचारतील. मग सांगून टाकू. शिव्या देतील, द्यायलाच हव्यात.

महिन्याने वहिनींनी खरंच बोलावलं. चालू घरून निघताना त्याच्या बायकोने नुसतं बघितलं. तिला त्याने सगळं सांगितलं होतं. ती म्हणाली, “तोंड उघडायच्या आधी नीट विचार करा. कधी करत नाही, आज करा.”

वहिनींच्या हॉलमधल्या कपाटावर, काचेमागे, दहा दगड धुऊन पुसून ओळीने मांडले होते. लहानापासून मोठ्यापर्यंत, एखाद्या कुटुंबाच्या फोटोसारखे.

“भावजी, बघा तरी,” वहिनी म्हणाल्या. त्यांनी एक दगड काढून त्याच्या हातात दिला. दगडावर पेन्सिलने, ग्रॅमच्या त्या मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं होतं: चा १२०.

चालूने दुसरा घेतला. चा १८०. तिसरा. चा २१०. सगळ्यांवर होतं. म्हणजे त्याला पहिल्या सकाळपासून कळलं होतं. चालू मोरीत गेला की तो दगड काढायचा, हातावर तोलायचा, दुकानातल्या रिवाजाप्रमाणे घोळ करणाऱ्याचं अक्षर घालायचा आणि पुन्हा मोज्यात गुंडाळून ठेवायचा. टाकून दिला असता तर हरला असता ना. बहुतेक शेवटच्या दिवशी सगळे एकदम टेबलावर मांडून “चल” म्हणणार असेल.

चालू खुर्चीत बसला.

“तुम्हालाही भरून आलं ना,” वहिनी म्हणाल्या. त्या ‘चा’वर अलगद बोट फिरवत होत्या. “तोंडाने कधी नाव घेतलं नाही हो. एकतीस वर्षं. माझी बहीण थट्टा करायची, म्हणायची, तुझ्या नवऱ्याला तुझं नाव माहीत तरी आहे का? आणि तिकडे परमुलखात, रोज एक दगड शोधून त्यावर माझं अक्षर. वजनासकट. त्यांना दुसरं काय येत होतं लिहायला?” त्या हसल्या. “रोज शोधायचे का?”

इथे माणसाने काय म्हणायचं असतं ते तुम्ही आम्ही घरी बसून सांगू शकतो. चालूच्या तोंडून थाप निघायची ती शिंकेसारखी, विचारून नाही.

“रोज,” तो म्हणाला. “आम्हाला उशीर व्हायचा त्याच्यापायी.”

त्या दिवशी वहिनींनी त्याला दोनदा चहा दिला.

पुढे सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींनी वाचनालयाच्या हॉलमध्ये कार्यक्रम ठेवला. ‘परदेशातल्या पाऊलवाटा’, असा फळा रंगवला. अध्यक्ष म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. ज्यांनी आयुष्यात मैदानाला चार फेऱ्यांपलीकडे काही केलं नव्हतं, अशी साठ माणसं खुर्च्या भरून बसली. चालूला बोलायला काय, उभं करायचा अवकाश. वीस खाटांवरचं वीस देशांचं घोरणं त्याने एकेका देशाची नक्कल करून ऐकवलं. दूध मागायला त्याने गाय कशी केली आणि हॉटेलवाल्याने मटण कसं आणून ठेवलं, ते हातपाय हलवून दाखवलं. एक म्हातारी गुडघ्यांमुळे डोंगर उलटी उतरायची, तोंड चढाकडे करून, त्यामुळे अकरा दिवस ती समोरासमोर चालत गप्पा मारायची, ते सांगितलं. लोकांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग ग्रॅमचं सांगितलं, थोडक्यात, आणि ते पाणी तसंच उपयोगी पडलं.

टेबलावर दगड मांडले होते. मागून एकाने विचारलं, “हे ‘चा’ म्हणजे काय? चहा का? जिथे जिथे चहा घेतला तिथले दगड?”

हॉल हसला. चालूही हसला. अशी सोपी वाट आपल्याला का सुचली नाही, असं त्याला वाटून गेलं. पण पहिल्या रांगेतून वहिनी उठल्या. ज्या बाईने कधी सोसायटीच्या सभेत हात वर केला नाही, ती साठ माणसांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, “ते माझं नाव आहे.” आणि मग सगळं सांगितलं, एकतीस वर्षांचं. टाळ्या थांबेनात. मुख्याध्यापकांनी चष्मा काढून पुसला.

तिथून लोण पसरलं. बँकेच्या कर्मचाऱ्यांनी बोलावलं, कॉलेजने बोलावलं, दोन सोसायट्यांनी. वहिनी प्रत्येक वेळी बरोबर. नवी साडी, हातात दगडांची पिशवी. “भावजी, जरा धरता का,” म्हणून ती पिशवी चालूच्या हातात द्यायच्या. तीन किलो तीनशे साठ. चालूने एकदा बेरीज केली होती, पुन्हा केली नाही.

आणि शनिवारी दुपारी त्याला घरी बोलवायच्या. दर शनिवारी एक दगड. “हा कुठे सापडला? काय म्हणाले हे उचलताना?” चालू सांगायचा. हा नदीकाठचा, पाण्यात पाय सोडून बसला होता, तिथे दिसला. हा पडक्या भिंतीचा, म्हणाला, घरच्या उंबऱ्यासारखा रंग आहे. हा पावसातला. वहिनी ऐकायच्या, आणि मग लांबच्या गावी नोकरी करणाऱ्या मुलीला फोनवर जसंच्या तसं सांगायच्या. त्या मुलीचं आणि बापाचं चार वर्षं बोलणं नव्हतं. बापाने आपल्याला काय दिलं, असं ती विचारायची. आता वहिनी तिला सांगायच्या, तुला तुझा बाप कळलाच नाही, मलाही उशिरा कळला. सुट्टीत आली तेव्हा त्यांनी तिला फोटोसमोर उभं करून माफी मागायला लावली.

मधे एकदा चालू एक दगड दुकानात घेऊन गेला, फोटो काढायचाय असं सांगून. चांगल्या काट्यावर ठेवला. दगडावर लिहिलं होतं ४२०. काटा म्हणाला ४२१. सव्वीस वर्षांत ग्रॅमच्या तोलण्यातली पहिली चूक सापडली होती, आणि शेजारचं स्टूल रिकामं. चालूचा हात सवयीने खडूकडे गेला आणि तसाच परत आला. त्या दिवशी त्याने दुकान लवकर बंद केलं.

घरी बायको म्हणाली, “जन्मभर हजार थापा पचवल्यात. ही एक पचवा. बाई हसायला लागलीय, दिसत नाही का तुम्हाला?”

“मला झोप येत नाही,” चालू म्हणाला.

“मग जागे राहा. तिला कशाला उठवता?”

सल्ला लाखाचा होता. पण लाखाचे सल्ले माणूस काचेमागेच ठेवतो.

दहाव्या शनिवारी दहावा दगड आला. सगळ्यात मोठा, मुठीत न मावणारा. वहिनींनी तो पदराने पुसला.

“हा राहिला,” त्या म्हणाल्या. “चा ६४०. आणि बघा, ह्याच्यावर खाली आणखी एक शब्द आहे. ‘बस’. मी किती दिवस विचार करतेय. बसने जायचं ठरलं होतं का त्या दिवशी? दमले होते का?”

चालूने तो दगड याआधीही पाहिला होता, पण त्याची खालची बाजू कधी पाहिली नव्हती. त्याने शब्द वाचला. पुन्हा वाचला. पेन्सिल इतर दगडांपेक्षा जोरात दाबलेली होती.

सव्वीस वर्षं तो ज्या शिवीची वाट बघत होता, ती ही होती. दोन अक्षरांची. आणि ती त्याला ऐकूच आली नव्हती.

“बस म्हणजे पुरे, वहिनी,” तो म्हणाला.

“काय पुरे?”

“ते ‘चा’ तुमचं नाही. माझं आहे.”

वहिनी म्हणाल्या, “आज नको हो थट्टा, भावजी.”

चालूने सांगितलं. पहिल्यांदाच त्याला काही सांगताना शब्द सापडत नव्हते. ब्रशचा दांडा सांगितला, मोज्यांची गुंडाळी सांगितली, दुकानातला खडू सांगितला. मधे वहिनींनी एकदाही थांबवलं नाही. त्याचं संपल्यावर त्यांनी विचारलं, “सगळे?”

“सगळे.”

“तो नदीकाठचा? पाण्यात पाय सोडून बसले होते, तो?”

“नदी होती. पाय माझे होते.”

“आणि उंबऱ्याच्या रंगाचा?”

चालूने नकारार्थी मान हलवली.

वहिनींनी दगड मांडीवरून उचलून टेबलावर ठेवला. आवाज होऊ नये म्हणून सांभाळून ठेवला. “त्यांना कळलं होतं, तर टाकून का नाही दिले?”

“हरला असता.”

“कोणाशी?”

“माझ्याशी.”

“म्हणजे दहा दिवस तुम्ही दोघं खेळत होतात.”

“हो.”

“आणि माझं नाव? दहा दिवसांत, एकदा तरी? सहज? बायको अमुक करते, असं काही?”

एक थाप मारायची होती. एकच, आणि तीही छोटी. आयुष्यभर ज्याने लोकांना फुकट वाटल्या, त्याला त्या दुपारी एक सापडली नाही.

“नाही, वहिनी.”

“फोनही आला नव्हता एकदा. मी म्हणायचे, तिकडे डोंगरात रेंज नसेल.”

“रेंज होती,” चालू म्हणाला. आज त्याला खरं बोलण्याचा झटकाच आला होता म्हणा ना. मग त्याला हुंदका आला. “माझ्यामुळे गेला तो, वहिनी. ते ओझं मी…”

“ते कळलं मला,” वहिनी म्हणाल्या. “मी त्याबद्दल बोलत नाही.”

चालूचा हुंदका अर्ध्यात अडकला. तो कशाची तयारी करून आला होता, आणि समोर हे काय आलं.

“तुम्हाला आता हलकं वाटत असेल,” वहिनी म्हणाल्या. आवाज चढला नाही, उलट खाली गेला. “मी खरं मागितलं होतं का तुमच्याकडे? मी दहाव्या दगडाचं विचारलं होतं. नऊ सांगितलेत. दहावा सांगायला काय धाड भरली होती? तुम्हाला सहज जमलं असतं. एकतीस वर्षांत मला एक अक्षर मिळालं होतं हो. एक. तेही तुमचं निघालं.”

भिंतीवरून ग्रॅम फोटोतून बघत होता, नेहमीसारखा, काही न बोलता.

“उद्याचा कार्यक्रम मी रद्द करतो,” चालू म्हणाला. “तब्येतीचं कारण सांगतो.”

“कशाला?” वहिनींनी दगड कपाटात परत ठेवायला सुरुवात केली होती, लहानापासून मोठ्यापर्यंत. “माझी बहीण येणार आहे. मुलगी रजा काढून येतेय, गाडीत बसलीसुद्धा असेल. त्यांना काय सांगू मी? उद्या व्हायचा तसाच होणार. तुम्ही बोलता तेच बोलायचं. एक शब्द इकडेतिकडे नको.”

“वहिनी, मला नाही जमणार आता.”

“जमेल,” वहिनी म्हणाल्या. “तुम्ही चालू आहात.”

ह्या नावाने त्याला सगळं गाव हाक मारायचं. वहिनींनी ते तोंडावर पहिल्यांदाच घेतलं.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मंगल कार्यालयाचा खालचा हॉल भरला होता. दोनशे खुर्च्या. पहिल्या रांगेत वहिनी, एका बाजूला बहीण, दुसऱ्या बाजूला मुलगी. मुलीच्या हातात फोन, रेकॉर्डिंगला लावलेला. चालूने घोरण्यापासून सुरुवात केली. एकेका देशाची नक्कल केली. गाय केली. लोक खुर्चीवरून घसरायचे बाकी राहिले. उलटी उतरणारी म्हातारी केली, तेव्हा मागच्या रांगा उभ्या राहून बघत होत्या. हशा अगदी ठरलेल्या जागी आला. आपण दोरी ओढतोय आणि लोकांची तोंडं उघडतायत, असं त्याला दिसायला लागलं. पूर्वी ह्याच दोरीची त्याला केवढी गंमत वाटायची.

मग दगड. एक, दोन, तीन. नदी, भिंत, पाऊस. एक शब्द इकडेतिकडे केला नाही त्याने. नवव्यापर्यंत आला. दहावा हातात घेतला आणि थांबला. ह्या दगडाची थाप अजून तयार नव्हती. आधीच्या कार्यक्रमांत तो तयार असतील तेवढे सांगून ‘आणि हा शेवटचा’ म्हणून दगड नुसता वर धरायचा, लोक गप्प व्हायचे आणि काम भागायचं. आज त्याने वर धरला, आणि पहिल्या रांगेतून मुलगीच म्हणाली, “काका, त्याच्याखाली ‘बस’ लिहिलंय ना? आई म्हणाली होती. ते काय आहे?”

चालूने तोंड उघडलं. दोनशे माणसं वाट बघत होती.

“ते मी सांगते,” वहिनी म्हणाल्या.

त्या उठून टेबलापाशी आल्या, त्याच्या हातातून दगड घेतला आणि लोकांकडे तोंड केलं. घाई नव्हती. चालू इतकी वर्षं थापा मारत होता, पण त्याला कधी थाप मारण्याआधी इतकं शांत उभं राहता आलं नव्हतं.

“त्या दिवशी सकाळी फोन आला होता ह्यांचा,” वहिनी म्हणाल्या. “तसा रोजच यायचा. पण त्या दिवशी नाव घेऊन हाक मारली मला. मी म्हटलं, अहो, आज हे काय नवीन? तर म्हणाले, दगड शोधून शोधून कंटाळलो. आता दगड बस. पुढच्या वेळी तुलाच घेऊन येतो.”

हॉलमध्ये कुणीतरी नाक ओढलं. बहिणीने पदर तोंडाला लावला. मुलगी रडत होती, फोन तसाच समोर धरून.

“नाव घेतलेलं मी ऐकलं,” वहिनी म्हणाल्या, आणि मग पहिल्यांदा चालूकडे वळल्या. “भावजींनीही ऐकलं. शेजारीच उभे होते. हो ना भावजी?”

चालूने त्यांच्या डोळ्यांत बघितलं. तिथे विनवणी असेल असं त्याला वाटलं होतं. नव्हती.

“हो,” तो म्हणाला. “मी शेजारीच होतो.”

टाळ्या उठल्या, पाठोपाठ माणसंही उठली. वहिनी दगड टेबलावर ठेवून जागेवर जाऊन बसल्या आणि मुलीचं डोकं खांद्यावर घेतलं. कार्यालयाचे मॅनेजर गर्दीतून वाट काढत चालूपाशी आले. म्हणाले, शेजारच्या तालुक्यातून विचारणा आहे, पुढच्या महिन्यात येता का, कोणती तारीख जमेल?

चालू काही बोलायच्या आत वहिनींनी पहिल्या रांगेतून तारीख सांगितली.